आंघोळीच्या पाण्यात अर्धा सिलिंडर जातो? बारामती-इंदापूरच्या घरांचा गॅसचा हिशोब

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी असते आणि घराच्या मागे, न्हाणीजवळ, तीन दगडांची नाहीतर मातीची चूल असते. चहा, भाजी, भाकरी गॅसवर. आंघोळीचं पाणी मात्र चुलीवर, नाहीतर बंबात. गॅस घरी येऊन कित्येक वर्षं झाली तरी ही मागची चूल काही विझलेली नाही.

याचं कारण "जुनी सवय" असं सांगितलं जातं. पण आकडे मांडले की वेगळंच चित्र दिसतं. ज्या बाईने आंघोळीचं पाणी गॅसवर चढवायला नकार दिला, तिचा हिशोब बरोबर होता.

तो हिशोब आधी बघू.

एका बादलीला किती गॅस?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. शाळेत शिकलेलं हे गणित इथे थेट कामाला येतं. आंघोळीची एक बादली १५ लिटरची धरू. हिवाळ्यात सकाळी टाकीतलं पाणी २० अंश आणि अंगावर घ्यायचं पाणी ४० अंश धरू. म्हणजे १५ लिटर गुणिले २० अंश, ३०० किलोकॅलरी.

एक किलो एलपीजी जळला की साधारण ११ हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. पण ती सगळी पाण्यात जात नाही. बरीचशी पातेल्याच्या कडेने वर निघून जाते. बीआयएसच्या मानकानुसार घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती चाचणीतली. घरात बर्नरची भोकं बुजलेली असतात, पातेलं लहान आणि ज्योत मोठी असते, खिडकीतून वारा येत असतो. म्हणून ६० टक्के धरणं जास्त प्रामाणिक आहे. तसं धरलं तर एका बादलीला ४५ ग्रॅम गॅस लागतो.

४५ ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या म्हणजे २२५ ग्रॅम. महिन्याला पावणेसात किलो. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे थंडीच्या महिन्यात जवळपास अर्धा सिलिंडर फक्त आंघोळीला.

आता पैशात. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला तेव्हा मुंबईतला दर ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. हिशोबासाठी ८५० धरू. तुमच्या पावतीवर वेगळा आकडा असेल तर तो घाला. एक आंघोळ २ रुपये ७० पैशांना पडते आणि पाच जणांचा महिना सुमारे ४०० रुपयांना.

मग चूल का विझत नाही, ते इथे कळतं

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि गावोगाव गॅस पोहोचला. पण केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाचं एक कुटुंब वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर भरून घेत होतं. साडेचार सिलिंडर म्हणजे वर्षाला ६४ किलो, दिवसाला १७५ ग्रॅम.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दिवसभराच्या सगळ्या कामाला मिळून १७५ ग्रॅम आणि पाच आंघोळींनाच २२५ ग्रॅम. जे कुटुंब एवढाच गॅस घेऊ शकतं, त्याने सगळा गॅस आंघोळीला लावला तरी तो पुरत नाही, आणि चहासुद्धा शिल्लक राहत नाही. त्यामुळे घरातली बाई साधा निर्णय घेते. स्वयंपाकाला उभं राहायचं, धूर थेट तोंडावर येतो, तिथे गॅस. पाणी काय, चुलीवर ठेवून दुसऱ्या कामाला लागता येतं, तिथे लाकूड.

उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे ३०० रुपयांचं अनुदान आहे आणि राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. त्याने भार हलका होतो हे खरं, पण पावणेसात किलोचा आकडा तसाच राहतो. गॅसवर आंघोळ परवडायची तर तो आकडाच खाली आणावा लागेल.

"पाणी उकळू नका, कोमट करा" हा सल्ला किती खरा?

गॅस बचतीच्या प्रत्येक यादीत हा सल्ला पहिला असतो. तो अर्धाच खरा आहे.

पाच लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात दहा लिटर थंड पाणी मिसळलं की १५ लिटर पाणी ४० अंशांचं होतं. उष्णता लागली पाच गुणिले साठ, म्हणजे ३०० किलोकॅलरी. पूर्ण १५ लिटर थेट ४० अंशांपर्यंत तापवलं तरी ३०० किलोकॅलरीच. कडकडीत करून विसण घातलं काय किंवा सगळं कोमट केलं काय, पाण्यात जाणारी उष्णता सारखीच.

फरक पडतो तो वाफेमुळे. पाणी जसं तापत जातं तशी वाफ वाढत जाते आणि वाफ उष्णता घेऊन जाते. १०० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं की ५४ किलोकॅलरी गेल्या, म्हणजे एका आंघोळीच्या उष्णतेतला जवळपास सहावा भाग. पातेल्यावर झाकण नसेल आणि पाणी खदखदत असताना आत कुणीतरी अजून झोपलेलं असेल, तर १०० ग्रॅम उडायला फार वेळ लागत नाही. शिवाय पाणी जितकं गरम तितकी ज्योतीची उष्णता त्यात शिरायला कमी वाव आणि पातेल्याच्या अंगातून बाहेर जायला जास्त.

म्हणून व्यवहारात सोपं म्हणजे अर्धं-अर्धं. साडेसात लिटर पाणी ६० अंशांवर उतरवायचं आणि तेवढंच थंड मिसळायचं. थर्मामीटरची गरज नाही. तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले आणि झाकण उचलल्यावर वाफ दिसली की उतरवायला हरकत नाही. झाकण मात्र पहिल्या मिनिटापासून हवं. आणि पातेलं रुंद बुडाचं, ज्योत बुडाच्या आत. कडेने वर येणारी निळी ज्योत दिसत असेल तर तेवढा गॅस स्वयंपाकघर तापवण्यात चाललाय.

सगळ्यात मोठी बचत शेगडीवर नाही, बोअरमध्ये आहे

ही गोष्ट गावाकडच्या माणसाला नवीन नाही, फक्त तिचा गॅसशी संबंध कुणी लावत नाही. हिवाळ्यात पहाटे विहिरीवर वाफ दिसते आणि बोअरचं ताजं पाणी हाताला कोमट लागतं. कारण जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, ते साधारण त्या भागाच्या वर्षाच्या सरासरी तापमानाइतकं असतं. बारामती-इंदापूरसारख्या उष्ण, कोरड्या पट्ट्यात ते २५-२६ अंशांच्या आसपास येतं.

पण आपण करतो काय? संध्याकाळी मोटर लावून गच्चीवरची टाकी भरतो. ते पाणी रात्रभर थंडी खातं आणि सकाळी २० अंशांवर किंवा त्याखाली उतरतं. जमिनीने फुकट दिलेली उष्णता आपण रात्रभरात आभाळाला देऊन टाकतो आणि सकाळी तीच गॅस जाळून परत आणतो.

तेच पाणी सकाळी आंघोळीच्या वेळी बोअरमधून ताजं घेतलं, २६ अंशांचं, तर ४० पर्यंत चढायला १४ अंशच उरतात. ३०० ऐवजी २१० किलोकॅलरी. सरळ ३० टक्के बचत, म्हणजे पाच जणांच्या घरात महिन्याला सुमारे दोन किलो गॅस. खर्च शून्य, फक्त मोटर लावायची वेळ बदलायची.

अडचण विजेची. शेतीच्या फीडरवर मोटर असेल तर वीज कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीने येते. घरगुती जोडणीवरची लहान मोटर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर रात्री उशिरा काढलेलं पाणी टाकीऐवजी घरातल्या झाकणाच्या पिंपात ठेवलं तरी ते गच्चीइतकं गार होत नाही. बारामती किंवा इंदापूर शहरात नळाचं पाणी असणाऱ्यांना बोअरचा उपाय लागू नाही, पण पिंपाचा आहे.

हीटरचा रॉड लावला तर?

विजेचा रॉड त्याची जवळपास सगळी उष्णता पाण्यालाच देतो. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, त्यामुळे एका बादलीला सुमारे ०.३६ युनिट लागतात. गॅसची आंघोळ २ रुपये ७० पैशांची. दोन्हींची बरोबरी होते ती युनिटचा दर साडेसात रुपये असताना. पुढचं युनिट त्याहून स्वस्त पडत असेल तर रॉड परवडतो, महाग पडत असेल तर गॅस.

इथे "पुढचं युनिट" हा शब्द महत्त्वाचा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो आणि १०१ पासून तो जवळपास दुप्पट होतो. पाच आंघोळींचे महिन्याला ५४ युनिट होतात. ज्या घराचं बिल ४० युनिटचं आहे तिथे रॉड लावूनही ते १०० च्या आत राहील. ज्या घरात आधीच ९० युनिट जळतात, तिथे रॉडचे बहुतेक सगळे युनिट महागड्या टप्प्यात पडतील. शेजाऱ्याला परवडतं म्हणून आपल्याला परवडेल असं नाही, हे बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही.

रॉडबद्दल दोन सूचना. बादली प्लास्टिकची, लोखंडाची किंवा स्टीलची नको. आणि पाण्यात बोट घालून बघण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. नुसतं बटण बंद पुरेसं नाही.

सोलर आणि क्षाराचं पाणी

पर्जन्यछायेत असण्याचं दुःख या तालुक्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पण त्याच कारणाने आभाळ बहुतेक दिवस निरभ्र असतं आणि सोलर वॉटर हीटरला तेच हवं. १०० लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत गेलं तर थंड पाणी मिसळून त्याचं ४० अंशांचं २०० लिटर होतं. तेरा बादल्या. पाच जणांचं घर, पाहुणे आणि वर भांडी.

महिन्याला ४०० रुपये वाचतात असं धरलं तर २० हजारांचा हीटर चार वर्षांत फिटतो. उन्हाळ्यात पाणी तापवावंच लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ लागेल. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. दुसरं, पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या हीटरला नाही. दोन्ही "सोलर" असल्याने गोंधळ होतो.

पण या भागात सोलरचा खरा शत्रू म्हणजे पाणी. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षं उसाला भरपूर पाणी दिल्याने काही जमिनी क्षारपड झाल्या, आणि अनेक बोअरचं पाणी जड आहे. तापवलं की त्यातला चुना बाहेर पडतो. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, रॉडवर खपली चढते आणि तांब्याच्या बारीक नळ्यांचा सोलर असेल तर नळ्या बुजतात. जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा हीटर बरा. त्यातही क्षार साचतो, पण नळी काढून साफ करता येते किंवा बदलता येते.

आणखी एक लहान गोष्ट. गच्चीवरच्या सोलरपासून न्हाणीपर्यंत अर्ध्या इंची पाइप १५ मीटर असेल तर त्यात अडीच-पावणेतीन लिटर पाणी मावतं. सकाळी तेवढं गार पाणी आधी येणारच. ते मोरीत सोडण्याऐवजी बादलीत धरलं की विसणाला होतं.

गॅस गीझर

शेगडीपेक्षा गॅस गीझर कमी गॅसमध्ये पाणी तापवतो, कारण ज्योत आणि पाणी यांच्यात अंतर कमी असतं. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बादलीला ४५ ऐवजी ३४ ग्रॅम. बचत खरी आहे.

पण तो बंद न्हाणीघरात लावू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. न्हाणीघरात गीझर लावून जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर थोड्या काळाने येतच असतात. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. जागेमुळे हे जमत नसेल तर महिन्याचा दीड किलो गॅस वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

बंब, पाचट आणि शेण

आता मागच्या चुलीकडे परत येऊ. तीन दगडांच्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते. बंबाची रचना त्या मानाने हुशार आहे. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी. ज्योत वर जाताना चारी बाजूंनी पाण्याला भिडते. हल्लीच्या काही बंबांत तर वरून एक तांब्या गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून तेवढंच गरम बाहेर येतं, त्यामुळे बंब कधी रिकामा राहून जळत नाही. सरपण तेच, बादल्या जास्त. घराबाहेर, आडोशाला ठेवला तर धूरही घरात येत नाही.

जाळायला काय, हा पुढचा प्रश्न. इंदापुरात वेडी बाभूळ आहे, डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या आहेत. पाचट मात्र जाळू नये. ते भुर्रकन पेटतं, धूर फार करतं, आणि उसाच्या सरीत कुजवलं तर जमिनीला जास्त देऊन जातं. शेजारच्या फलटणमध्ये काम केलेल्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली पाचटापासून कोळसा करायचं तंत्र बसवलं होतं, त्याला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. पाचट जाळायचंच असेल तर अशा प्रकारे.

ज्या घरी दावणीला चार-पाच जनावरं आहेत, आणि या दोन्ही तालुक्यांत दुधाच्या धंद्यामुळे अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सगळ्यात सरळ हिशोब गोबरगॅसचा आहे. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. दोन घनमीटरच्या संयंत्रातून दिवसाला ८६० ग्रॅमच्या बरोबरीचा गॅस मिळू शकतो. थंडीत तो कमी तयार होतो, अगदी निम्म्यावर आला तरी ४३० ग्रॅम. त्यातून पाच आंघोळींचे २२५ ग्रॅम जाऊन चहा-भाजीला उरतो.

कोपीवरची आंघोळ

थंडीचे महिने म्हणजेच इथल्या गाळपाचे महिने. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, या कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, तोडणीच्या टोळ्या येतात. दिवसभर उसाच्या पात्यांनी अंग खाजतं, कुसं घुसतात. गरम पाण्याशिवाय ते जात नाही. त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक कोपीबाहेर हंडा चढलेला असतो, खाली पाचट किंवा उसाची वाढी.

गावाकडे उज्ज्वलाचं कनेक्शन असलं तरी १४.२ किलोचं सिलिंडर कोपीवर घेऊन येणं जमत नाही. २०२१ मध्ये उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रहिवासी दाखल्याऐवजी स्वतःच्या घोषणापत्रावर कनेक्शन देण्याची सोय झाली, आणि पाच किलोचं लहान सिलिंडरही मिळतं. पण नवरा-बायको आणि दोन मुलांच्या चार आंघोळींना रोज १८० ग्रॅम लागतात. पाच किलोचं सिलिंडर २७ दिवसांत संपेल, आणि तेही त्यावर एकही भाकरी न भाजता.